खोडरबराने नेमकं काय खोडलं?

प्रश्न : आमच्याकडे आठ-नऊ वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. गेल्या पावसाळ्यापासून त्याला एक खोड लागली आहे. बटण दाबलं की पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळीच. दुकानातल्या मुलाने रॅम काढली, खोडरबराने तिचे दात घासले, परत बसवली आणि मशीन चालू! तीनशे रुपये घेतले. तेव्हापासून हे काम मीच करतो. पण दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच रडगाणं. घासून घासून रॅम झिजेल का? आणि मुळात खोडरबराने काँप्युटर बरा होतोच कसा?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तीनशे रुपयांत विद्या मिळाली, म्हणजे सौदा काही महाग पडला नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या तपकीर गल्लीपर्यंत 'नो डिस्प्ले'वरचा पहिला उतारा हाच, आणि तो बऱ्याचदा लागूही पडतो. पण त्याचं श्रेय खोडरबराला देण्याआधी जरा थांबा. त्या पाच मिनिटांत तुम्ही एक नाही, तीन गोष्टी करता. प्लग काढता. रॅम उपसून परत बसवता. आणि घासता. मशीन सुरू झालं की लक्षात राहतं ते घासणं, कारण मेहनत तिथे लागलेली असते.

आधी स्क्रीन काळी का, ते बघू. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस हा प्रोग्राम जागा होतो. त्याच्या अगदी पहिल्या कामांत रॅम शोधणं आणि ती चालते का हे तपासणं येतं. स्क्रीनवर एक अक्षर उमटायच्या आधीचं हे काम. म्हणजे रॅमनेच दगा दिला तर 'रॅम सापडत नाही' एवढं लिहून दाखवण्याचीही सोय बायोसकडे नसते. पूर्वी कॅबिनेटमध्ये एक बोटभर स्पीकर असे आणि तो बिप वाजवून गाऱ्हाणं सांगे. लांब बिप पुन्हा पुन्हा वाजू लागला की शेजारच्या खोलीतूनच कोणीतरी 'रॅम बघ' म्हणून ओरडायचं. हल्लीच्या कॅबिनेटमधून तो स्पीकर गायब झाला. खर्च वाचवण्याच्या नादात इतकी कामाची वस्तू काढून टाकली याचा मला अजून राग येतो. बहुतेक मदरबोर्डवर त्याची जागा मात्र आहे. किरकोळ किमतीत मिळणारा बझर तिथे लावून टाका. नव्या बोर्डांपैकी बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशा नावांचे चार बारीक दिवे असतात. जो दिवा लागून राहील तिथे गाडी अडली, असं समजायचं.

आता दात. तुमची रॅम डीडीआर3 असेल तर दोन्ही बाजू मिळून 240 दात, डीडीआर4 असेल तर 288. त्यातले 64 फक्त डेटा वाहण्यासाठी, बाकीचे वीज, अर्थ, पत्ते आणि हुकूम यांसाठी. डीडीआर3-1600 जातीच्या रॅममध्ये डेटाच्या प्रत्येक दातावरून सेकंदाला 160 कोटी वेळा माहिती जाऊ शकते. अशा गर्दीत एकाच दाताचा संपर्क जरासा कच्चा राहिला, तरी सगळं बंद. घरातल्या स्विचचा कॉन्टॅक्ट थोडा खराब झाला तर दिवा निदान लुकलुकतो तरी. इथे तेवढीही सवलत नाही.

दातांचा पिवळा रंग खऱ्या सोन्याचाच आहे. खाली तांबं, त्यावर निकेल, त्यावर सोनं. आता तुम्ही म्हणाल, सोनं तर गंजत नाही, मग घासायचं काय? मेख थराच्या जाडीत आहे. चांगल्या रॅमवरही सोन्याचा थर मायक्रोनच्या पाऊणभागाएवढा, म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण शंभराव्या हिश्शाइतका. स्वस्तातल्या मालावर त्याहूनही पातळ. एवढ्या पातळ थराला सूक्ष्म छिद्रं राहतात. दमट, खारट हवा त्यांतून खालच्या निकेल-तांब्यापर्यंत पोचते आणि तिथे तयार झालेली पुटं छिद्रातून वर येऊन सोन्यावर पसरतात. चिपळूणच्या पावसाळ्यात तुमच्या मशीनला ही खोड लागावी, यात नवल काहीच नाही. त्यात बोटांचा घाम आणि तेल. दात घासून झाल्यावर तेच दात बोटांत धरून रॅम परत बसवणारे कारागीर मी पाहिलेत.

दुसरा गुन्हेगार आहे हालचाल. मशीन रोज तापतं, रोज निवतं. पंखा थरथरतो, जुनी हार्ड डिस्क मिनिटाला 7200 फेरे घेत घुमत असते. या सगळ्यामुळे दात आणि स्लॉटमधल्या पत्त्या एकमेकांवर मायक्रोनच्या मापाने सरकत राहतात आणि घर्षणातून निघालेला बारीक चुरा नेमका संपर्काच्या जागी साठतो. आता गंमत बघा. स्लॉटमधली प्रत्येक पत्ती स्प्रिंगसारखी ताणलेली असते. रॅम आत दाबताना ती दातावरून घासत खाली जाते आणि वाटेतला चुरा, पुटं बाजूला सारते. जोडणीची रचनाच तशी केलेली असते. म्हणजे रॅम नुसती काढून परत बसवली तरी दात घासले जातातच, खोडरबर खिशात असो वा नसो.

आणि तिसरा संशयित तर रॅमच्या वाटेलाच जात नाही. तुम्ही प्लग काढता, तेव्हा एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, अडकून राहिलेला चार्ज निघून जातो आणि मदरबोर्डही पुरता कोरा होऊन नव्याने उठतो. एसएमपीएस म्हातारा झाला असेल, त्यातले कपॅसिटर सुकत आले असतील, तर मशीन कधी पहिल्या दाबात सुरू होतं, कधी तिसऱ्या, कधी होतच नाही. अशा वेळी मधली पाच मिनिटांची विश्रांतीच औषध ठरते. मदरबोर्डवरच्या डबीसारख्या कपॅसिटरची डोकीही एकदा निरखून बघा. ती सपाट असायला हवीत. फुगलेली दिसली किंवा डोक्यावरच्या चिरेतून तपकिरी खरपुडी आलेली दिसली, तर रॅमला सोडून द्या. या शतकाच्या सुरुवातीला सदोष कपॅसिटरचा असा काही माल जगभर पसरला, की 2005 साली एकट्या डेल कंपनीला आपल्या ऑप्टिप्लेक्स मशीनांच्या दुरुस्तीपोटी सुमारे 30 कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. तो माल आता भंगारात गेला, पण कपॅसिटर फुगायचे थांबलेले नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी स्क्रीन काळी झाली की थेट खोडरबर शोधू नका. आधी फक्त प्लग काढा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, पाच मिनिटं थांबा आणि मशीन लावून बघा. सुरू झालं, तर रॅम निर्दोष असण्याची शक्यता बरीच वाढली, एसएमपीएस तपासून घ्या. नाही झालं, तर प्लग पुन्हा काढून रॅम दोन-तीनदा उपसून बसवा, पण घासू नका. तरीही नाही, तर दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. दुसऱ्या स्लॉटमध्ये महिनोन्‌महिने चालली तर बिचाऱ्या रॅमला उगाच घासत होतात, दोष पहिल्या स्लॉटच्या सैल पडलेल्या पत्त्यांचा. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेकटी लावून बघा. यातलं काय केल्यावर मशीन उठलं, ते तारखेसकट कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहा. तीन-चार नोंदी झाल्या की गुन्हेगार कोण ते दुकानात जाण्याआधी तुम्हालाच कळेल.

झिजेल का? हो, झिजेल. पेनाची शाई खोडायचं जे राखाडी टोक असतं त्यात खरखरीत पूड मिसळलेली असते. ते सोन्याला लावूच नका. कंपासपेटीतलं साधं पांढरं खोडरबर सौम्य, पण तेही दर तीन आठवड्यांनी नको. सोनं उडालं की खालचा धातू उघडा पडतो, तो जास्त लवकर खराब होतो, मग तुम्ही जास्त वेळा घासता. हे दुष्टचक्र. त्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणा, धागे न सुटणाऱ्या कापडाला लावून दात पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि मग पट्टी कडांनी धरून बसवा. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर मारू नका, धुळीसोबत थुंकीचे तुषारही आत जातात.

शेवटचं, पण सगळ्यांत महागात पडणारं : पंखा थांबला म्हणजे वीज गेली असं नाही. प्लग लावलेला आणि भिंतीवरचा स्विच चालू असेल तर मशीन बंद असतानाही बोर्डवर 5 व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा जागा असतो. त्या अवस्थेत रॅम उपसली तर खोडरबरालाही तुमच्यासाठी काही करता येणार नाही.

प्रश्न : आमचा काँप्युटर उत्तम चालत होता. दिवाळीच्या साफसफाईत मुलाने कॅबिनेट उघडलं, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून हवा मारून आणली, पंखा काढून धुतला, सगळं परत जोडलं. आता सुरू होतो आणि काही सेकंदांत बंद पडतो. चालती वस्तू स्वच्छ केल्याने बिघडते कशी?
– एक वाचक, अकोला

उत्तर : धुळीने बिघडली नसती इतकी ती जोडण्या हलल्याने बिघडली. डेस्कटॉप म्हणजे मुख्यतः जोडण्यांचाच संसार. साफसफाईत त्यातली प्रत्येक जोडणी थोडीफार हलते, आणि त्यातली एखादी अर्धवट बसते.

पण तुमच्या मुलाने पंखा 'काढून' धुतला, या शब्दावर माझी नजर अडकली. इंटेलच्या प्रोसेसरसोबत वर्षानुवर्षं येणारा पंखा बोर्डवर चार प्लास्टिकच्या खुंट्यांनी बसतो. वर काळी टोपी, खाली पांढरी दुभंगलेली टोकं. टोपी बाणाच्या दिशेने फिरवली की खुंटी सुटते. बसवताना टोपी आधी मूळ जागी फिरवायची आणि समोरासमोरच्या, म्हणजे तिरक्या जोडीने खुंट्या दाबायच्या. प्रत्येकीचा 'टक्' ऐकू आला पाहिजे. तीन बसतात आणि चौथी बसल्याचं सोंग आणते. वरून सगळं छान दिसतं, पण पंख्याखालचा धातूचा ठोकळा प्रोसेसरवरून केसभर उचललेला राहतो. मग प्रोसेसर काही सेकंदांतच शंभर अंशांच्या आसपास जातो आणि जीव वाचवण्यासाठी मशीन स्वतःच बंद पडतं. तुमची लक्षणं तंतोतंत हीच. बोर्डाच्या मागच्या बाजूने चारही पांढरी टोकं सारखीच बाहेर आली आहेत का ते बघा. शिवाय ठोकळा एकदा उचलला की जुनी थर्मल पेस्ट वाया गेली, असंच धरा. ती पुसून मधोमध वाटाण्याहून लहान थेंब नव्याने लावायचा. आमच्याकडे चटणी वाढावी तशी पेस्ट थापतात, त्याने फायदा नाही, बाजूने ओघळते तेवढी.

मशीन एएमडीचं असेल तर गोष्ट आणखी अवघड. एएम4 पर्यंतच्या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, एएम4 मध्ये 1331. वाळून दगड झालेली पेस्ट ठोकळ्याला आणि प्रोसेसरला इतकी घट्ट धरते, की पंखा सरळ वर ओढला तर सॉकेटला कुलूप असूनही प्रोसेसर ठोकळ्याला चिकटून बाहेर येतो आणि पाचपन्नास पिना वाकतात. त्या सरळ करायला अर्ध्या एमएमच्या मेकॅनिकल पेन्सिलचं रिकामं धातूचं टोक वापरतात. काम होतं, पण घामही फुटतो. म्हणून काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करायची, बंद करून प्लग काढायचा, आणि ठोकळा आधी डावी-उजवीकडे हलकेच पिळायचा, मग उचलायचा.

खुंट्या ठीक निघाल्या तर पुढचा संशय प्रोसेसरच्या वेगळ्या वीजजोडणीवर. बोर्डाच्या कडेचा 24 पिनांचा मोठा प्लग सगळ्यांना दिसतो, वरच्या कोपऱ्यातला 4 किंवा 8 पिनांचा राहून जातो. रॅमच्या टोकाच्या कड्या मिटल्या आहेत ना? आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची वायर त्याच कार्डाला लावली आहे ना, मदरबोर्डच्या पोर्टला नाही? या शेवटच्या चुकीपायी धडधाकट मशीनं दुकानात जाऊन, 'दुरुस्त' होऊन परत येतात.

पंक्चरवाल्याच्या हवेबद्दल : त्या टाकीत हवेतल्या वाफेचं पाणी साठतं, कधी तेलाचा अंशही असतो, आणि तो फवारा थेट बोर्डावर बसतो. हवा मारायचीच तर आधी टाकीतलं पाणी काढायला सांगा आणि नळी लांब धरा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा ठरल्या वेगाच्या कितीतरी पट फिरतो आणि बेअरिंग खिळखिळं होतं. हवा मारून आणल्यावर लगेच प्लग लावू नका, दिवसभर कोरड्या हवेत उघडं राहू द्या.

अकोल्याच्या कोरड्या थंडीत एक काळजी जास्तीची. स्वेटर घालून कॅबिनेटमध्ये हात घालू नका. साधारण 3000 व्होल्टच्या खालचा स्थिर विजेचा झटका माणसाला जाणवतच नाही, पण त्याहून पुष्कळ कमी व्होल्टवर चिप मरू शकते. कॅबिनेटच्या रंग न लावलेल्या धातूला अधूनमधून हात लावत राहा. चिपळूणकरांना हा त्रास कमी, त्यांच्या वाट्याला दमटपणा आलाच आहे.

प्रश्न : कॅबिनेटच्या मागच्या बाजूला हात लागला की झिणझिण्या येतात. घरचे म्हणतात स्टॅटिक आहे, मनावर घेऊ नकोस. खरंच घेऊ नको का?
– एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : घ्या. स्थिर विजेचा चटका एकदाच बसतो. हात ठेवल्यावर झिणझिण्या चालूच राहतात, तेव्हा तुमच्या पॉइंटला अर्थिंग नाही. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलमधून कॅबिनेटकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून येणारा किरकोळ प्रवाह अर्थच्या वायरीने जमिनीत जावा अशी योजना असते. अर्थ नसेल तर कॅबिनेट 230 व्होल्टच्या निम्म्यावर, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं आणि टेस्टर लावला तर तोही पेटतो. प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशात असतो, त्याने जीव जात नाही. पण उद्या एसएमपीएसमध्ये खरोखरच फेज कॅबिनेटला टेकली, तर वाचवणारी वायर जागेवर नाही, हे या झिणझिण्या आजच सांगताहेत.

तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचं कन्व्हर्टर लावलं असेल तर ते आजच फेका. नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून पॉइंटचं अर्थिंग मोजून घ्या. सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून 'झालं तुमचं काम' म्हणणाऱ्याला मात्र परत पाठवा. तसं केलं आणि कधी न्यूट्रल तुटली, तर अख्खं कॅबिनेट फेजवर येतं. आणि एसएमपीएस स्वतः उघडून बघायचा मोह आवरा. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथेच मुक्कामाला राहतात.

प्रश्न : माझ्या जुन्या पीसीवर तारीख रोज मागे जाते आणि मग बँकेची, कॉलेजची एकही वेबसाइट उघडत नाही. घड्याळाचा आणि इंटरनेटचा काय संबंध?
– एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : सुरक्षित वेबसाइट स्वतःची ओळख पटवणारं प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. ब्राउझर ती मुदत तुमच्याच घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ 2012 म्हणत असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून सुरूच झालेलं नाही.

मदरबोर्डवर सीआर2032 हा 3 व्होल्टचा बटणसेल असतो. नावातच माप आहे : व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2 मिलिमीटर. मशीनला वीज असते तोवर घड्याळ तिच्यावर चालतं, नसते तेव्हा सेलवर. सेल संपला की तारीख मागे जाते. आपण रात्री भिंतीवरचा स्विच बंद करतो, त्यामुळे आपल्याकडे हा सेल जास्त राबतो. बदलायला दोन मिनिटं लागतात. जुना काढण्याआधी मात्र बायोसच्या सेटिंगचे, त्यातही साटा मोड, म्हणजे हार्ड डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय आहे की आयडीई याचे, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सेल काढल्यावर बायोस कंपनीच्या मूळ सेटिंगवर जाऊ शकतो. साटा मोड बदलला की विंडोज 7 सारखी जुनी विंडोज सुरू होता होता निळी स्क्रीन दाखवते आणि तिच्यावर 0x0000007B असा आकडा असतो. हार्ड डिस्क गेली असं वाटतं, पण ती शाबूत असते. मोड पूर्ववत केला की मशीन पहिल्यासारखं सुरू होतं. 'फॉर्मॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो' म्हणणाऱ्याला होकार देण्याआधी तेवढं एकदा बघून घ्या.